चिनी शिकायला निघालेल्या मित्रास

हांगचौ

प्रिय विक्या,

पत्र मिळालं. दुभाषाला दूर ठेवून स्वतः सौदा करायचा, म्हणून चिनी शिकणार म्हणतोस. उत्तम. पण पहिल्याच ओळीत ‘केकियाओच्या कापड बाजारात’ असं लिहिलंयस, तिथूनच सुरुवात करू. भावा, ते केकियाओ नाही, खछ्याओ आहे.

चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीला पिनयिन म्हणतात. १९५८ साली ती चीनमध्ये अधिकृत झाली. आपण ती इंग्रजीसारखी वाचतो आणि फसतो. त्यातला ‘बी’ म्हणजे आपला प, ‘पी’ म्हणजे जोरात श्वास सोडलेला प. तसंच ‘डी’चा त, ‘टी’चा थ, ‘जी’चा क, ‘के’चा ख. इंग्रज विद्यार्थी प आणि प्ह वेगळे ऐकायला धडपडतो. आपल्याला क-ख, त-थ हे फरक पाळण्यातच मिळालेत. पुढची गंमत तर खास मराठी माणसासाठी आहे. ‘झेड’ म्हणजे चमच्यातला च, ‘जे’ म्हणजे चहातला च, आणि ‘क्यू’ म्हणजे जवळजवळ छ. हिंदीवाल्यांकडे चमच्यातला च नाही. ‘एक्स’ हा साधारण श, तर ‘एसएच’ हा षटकोनातला ष, जो आपल्या गुरुजींशिवाय कोणी नीट म्हणत नसे. म्हणून वहीत इंग्रजी उच्चार लिहून ठेवू नकोस, कानाने ऐक आणि बाराखडी आठव.

खरी मेहनत सुरांची आहे. सूर चार: एक वर सपाट, एक चढता, एक खाली दबलेला, एक धाडकन उतरणारा. शिवाय एक हलका, बिनसुराचा उच्चार. तुझ्या धंद्यात याला फार किंमत आहे. ‘माइ’ दबलेल्या सुरात म्हटलंस तर विकत घेणं, उतरत्या सुरात म्हटलंस तर विकणं! खछ्याओ ज्यात येतं त्या शाओशिंग भागात घरोघरी वू ही तिथली चिनी बोली चालते, त्यामुळे बाजारात अनेकजण ष चा स करतात. मग चार आणि दहा यांत फरक उरतो तो फक्त सुराचा: चार उतरतो, दहा चढतो. मीटरचा भाव ठरवताना शंका आली की बोटं दाखवायला सांग. एका हाताने दहापर्यंत मोजायच्या खुणा तिथे सगळ्यांना येतात.

आकडे मात्र सोपे. पंचेचाळीस म्हणजे सरळ ‘चार-दहा-पाच’. फक्त हजारानंतर दहा हजारांचा वेगळा एकक आहे, ‘वान’. लाख म्हणजे दहा वान, एवढं डोक्यात पक्कं कर.

व्याकरणाची धास्ती नको. लिंग नाही, क्रियापदाची रूपं नाहीत. मोजताना वस्तूच्या प्रकाराप्रमाणे वेगळा शब्द लागतो, कापडाच्या ताग्याला ‘प्ही’, पुस्तकाला ‘पन’. तो सवयीने येतो.

अक्षरांचं म्हणशील तर आधी महिना-दोन महिने हात लावू नकोस, असं माझं ठाम मत आहे. क्लासवाले पहिल्या दिवसापासून गिरवायला लावतात आणि निम्मी पोरं तिथेच गळतात. नंतर मात्र रेशमाच्या खुणेपासून सुरू कर. बहुतेक अक्षरांत एक भाग अर्थाचा इशारा देतो, दुसरा उच्चाराचा. सूत, दोरा, विणणं, उभा धागा, आडवा धागा, या सगळ्यांच्या डाव्या बाजूला तीच रेशमाची खूण असते. लाल आणि हिरव्या रंगातसुद्धा! कातणं म्हणजे ‘फांग’. त्यात डावीकडे रेशीम, उजवीकडे ‘फांग’ असाच उच्चार असलेलं दुसरं अक्षर, फक्त सूर वेगळा. यंत्रमागावर वाढलेल्या माणसाला यापेक्षा सोपं दार नाही. हाताने शे-दीडशे अक्षरं लिही, रेघांचा क्रम पाळून. बाकीची मोबाइलवर पिनयिन टाइप करून निवडता येतात. शब्दकोशासाठी प्लेको हे ॲप घे.

आता एक काम कर. एक ते शंभर आकडे म्हणून आवाज रेकॉर्ड कर आणि पाठव. चार-दहाची गल्लत सापडली तर परत म्हणायला लावीन, चिडायचं नाही. काकूंना नमस्कार सांग, आणि येताना कांदा-लसूण मसाला आण, इथला संपत आलाय.

तुझा,
सच्या