विज्ञान दिनाला पाहुणे बोलावताय, मग आधी रेषा आखा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त अनेक संस्था आणि महाविद्यालये आपल्या प्रयोगशाळा लोकांसाठी खुल्या करतात. उपक्रम चांगलाच आहे. पण नातवंडांचा हात धरून आजी-आजोबाही येतात आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या छातीत पेसमेकर असतो.

रसायनशास्त्र विभागातले एनएमआर यंत्र (चुंबकाच्या साहाय्याने रेणूंची रचना शोधणारे) म्हणजे पायांवर उभी असलेली चकचकीत टाकी. आत द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेले अतिवाहक चुंबक. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रातही चुंबकीय क्षेत्र ९.४ टेस्ला, म्हणजे रुग्णालयातल्या नेहमीच्या दीड टेस्लाच्या एमआरआयच्या सहापट. वीज गेली तरी हे चुंबक चालूच राहते. टाकीबाहेर पसरणाऱ्या क्षेत्रासाठी निरोगी माणसाला ४,००० गॉसपर्यंत (१ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस) मुभा आहे. पेसमेकरवाल्यांसाठी मर्यादा फक्त ५ गॉसची. एमआरआयच्या आंतरराष्ट्रीय मानकाने २०२२ मध्ये ती ९ वर नेली, तरी प्रयोगशाळांनी जुनी ५ चीच पाळलेली बरी. रोज तिथे वावरणाऱ्यांना काहीच जाणवत नाही, म्हणून त्यांना ही खबरदारी फाजील वाटते. पेसमेकर मात्र चुंबक जवळ आले की हृदयाकडे लक्ष देणे सोडून ठरावीक गतीने ठोके देऊ लागतो.

ही ५ गॉसची मर्यादा दाखवणारी रेषा जमिनीवर पिवळ्या पट्टीने आखतात. पोछा मारून मारून ती निम्मी उडालेली मी पाहिली आहे. शिवाय उभ्या चुंबकाचे क्षेत्र बाजूंपेक्षा वर-खाली जास्त लांब जाते. बरोबर वरच्या खोलीत कोण बसते, हे कुणी गॉसमीटर घेऊन तपासले आहे का? सूचना असते ती इंग्रजीत, तीही यंत्रालाच चिकटवलेली. वाचायला जवळ जावे तर रेषा केव्हाच ओलांडलेली!

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या रुग्णाच्या नातेवाईकाचा जीव गेला. यंत्र बंद आहे असे त्याला सांगण्यात आल्याचा आरोप तेव्हा झाला होता. एक्स-रे, सीटीवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. चुंबकातून आयनकारी किरण निघत नसल्याने ते त्या कक्षेत येत नाही. मग जबाबदारी उरते विभागप्रमुखांवर.

नवीन पट्टी, दाराबाहेर मराठी पाटी आणि वरच्या मजल्याची मोजणी, याला फार खर्च नाही. तेवढेही २८ तारखेपर्यंत जमत नसेल, तर नोंदणीच्या टेबलावर नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतानाच “पेसमेकर बसवला आहे का?” एवढे तरी विचारावे.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, पुणे