तात्या, आता ऐकून घ्यावंच लागंल

तात्यांना साष्टांग नमस्कार,

तुमच्यामुळं आमच्या घरात काय बदललं ते समोर येऊन बोललो असतो तर तुम्ही "बास की आता, चहा घे" म्हणून विषय बदलला असता, म्हणून मुद्दाम सगळ्यांच्या देखत लिहितोय.

2019 च्या ऑगस्टात कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 43, म्हणजे बघा) आणि शुक्रवार पेठेतलं आमचं घर पाण्यात गेलं. आई, बायको, दोन पोरं आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन आम्ही तुमच्या माडीवर आलो. काकूंनी आमचं सगळं केलं, ते उपकार तर आहेतच, खरं मला दुसरंच सांगायचंय.

त्या दिवसांत तुमच्याकडं संध्याकाळी हरिपाठ व्हायचा. बाहेर पाऊस, लाईट नाही, मोबाईल सगळे बंद पडलेले आणि तुम्ही रोजच्यासारखं टाळ घेऊन बसलात. आमच्या घरात देव नव्हता असं नाही हो, चैत्रात जोतिबाला जाऊन गुलालात न्हाऊन यायचो, नवरात्रात अंबाबाईची रांग चुकवली नाही कधी, पण वर्षात चार दिवस देवाचे आणि बाकीचे दिवस आपले, असा हिशोब होता. तुमच्याकडं पहिल्यांदा बघितलं की माणूस देवाला रोजचं सांगतो. पाणी ओसरलं का नाही, आईच्या गुडघ्याचं काय, वर्कशॉपमधल्या लेथमध्ये गाळ गेला असंल का, सगळं. मागणं कमी, सांगणंच जास्त.

घरी परत आल्यावर आम्ही चालू केलं. सुरवातीला लई अवघड गेलं, मला शब्द येईनात, धाकटी मधेच हसायची, थोरला दारात उभा राहून बघायचा. तुम्ही येऊन बसायचा, कुणाला काही बोलायचा नाही. एकदा फक्त थोरल्याच्या हातात टाळ दिलेत, दोरी बोटाला कशी गुंडाळायची ते दाखवलंत आणि म्हणालात, "चाल चुकली तरी चालतंय, ठेका सोडू नको." अर्धा तास लागतो सगळा हरिपाठ म्हणायला, त्यात तो कधी बसायला लागला कळलंच नाही.

तुमचं एक वाक्य मात्र त्यावेळी झोंबलं होतं. पोरगी खोटं बोलली म्हणून मी "देव बघतोय, शिक्षा करंल" असं ओरडलो, तर तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "देवाला पोलीस करू नको. उद्या तिला खरं सांगावंसं वाटलं तर ती त्याच्याकडंच जायला पायजे, त्याला घाबरून बसली तर जाईल कुठं?" तेव्हापासून आमच्यात ठरलं, देवासमोर बसून कुणी कुणाला रागवायचं नाही. मला तरी वाटतं पोरांना वळण लावायला भीतीपेक्षा हे जास्त उपयोगी पडतंय, आमच्या पाहुण्यांतल्या काहीजणांना पटत नाही, असू दे.

आणि दहावीनंतरचा तो गोंधळ! थोरल्याला कॉमर्स पायजे, मला सायन्स, घरात आठवडाभर धुसफूस. तुम्ही म्हणालात आधी हरिपाठ, मग निर्णय. मला वाटलं देव काय तर इशारा देईल, तसलं काही झालं नाही. झालं एवढंच की अर्धा तास एका सुरात म्हटल्यावर आवाज चढवायला लाज वाटायला लागली, आणि मग त्यानं जे सांगितलं ते मी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. आता कॉमर्स करतोय, वर्कशॉपचे हिशोब तोच बघतो. आमच्याकडं मोठा निर्णय आता असाच होतो, कर्ज काढायचं असू दे नाहीतर आईचं ऑपरेशन.

आषाढीला मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून प्रतिपंढरपूर म्हणतात त्या नंदवाळला चालत नेलंत तेपण विसरणार नाही. पुईखडीला रिंगणात घोडा धावताना आई लहान पोरीसारखी टाळ्या वाजवत होती. तुम्ही तिच्याबरोबर सावकाश मागनं चालत राहिलात, दिंडी पुढं गेली तरी.

तुम्ही पुण्याला लेकाकडं गेल्यापासून संध्याकाळी तुमची जागा रिकामी ठेवतो. काकूंची तब्येत बरी असंल तर येत्या आषाढीला या दोघं, आईनं अंथरूण-पांघरूण आत्तापासनं काढून ठेवलंय.

आणि हो, तुळशीच्या माळेचं विचारलं होतंत फोनवर. तुम्हीच म्हणाला होता घाई करू नको, पाळता येईल तेव्हाच घाल. बायको तयार आहे, आईनं तर कधीच घातली. माझं अजून ठरंना, रविवार आला की मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा आडवा येतोय.

राम कृष्ण हरी.

तुमचाच,
शुक्रवार पेठेतला लेथवाला