मेघास पत्र : मंगळावरचे बटाटे आणि तुझ्या प्लेटलेट

कडोली,
ता. २० ऑगस्ट २०२५

चि. मेघा हिस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

शनिवारी तुझा निबंध ग्रुपवर आला, मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीराच्या 'द मार्शियन' या कादंबरीवरचा. खाली लिहिलं होतंस, 'आप्पा, वाचून सांगा कसा झालाय.' मी वाचला, आईला मोठ्यानं वाचून दाखवला, संध्याकाळी वाचनालयात नेऊन तिथल्या मंडळींनाही ऐकवला. सोमवारी पांडूकाकांचा विनायक घरी आला आणि त्याच्या बोलण्यातून कळलं, की शनिवारी तू दवाखान्यात होतीस. डेंगी. सलाईन. प्लेटलेट साठ हजारांवर उतरलेल्या. म्हणजे निबंध त्या कॉटवरूनच पाठवलास तर.

फोनवर तू 'आता बरी आहे' म्हणून ठेवून देतेस, म्हणून कागद घेऊन बसलो. विनायक उद्या धारवाडला जातोय, डब्याबरोबर त्याच्याकडे देतो. आजारपणाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं आईनं बजावलंय. पोरगी अशक्त आहे, आत्ता तिला बोल लावू नका म्हणाली. तेव्हा निबंधाबद्दलच लिहितो.

निबंध चांगला आहे. बाप म्हणून सांगत नाही, वाचनालयातल्या जुन्या मास्तरांनीही मान डोलावली, आणि ते कुणाला सहजासहजी चांगलं म्हणत नाहीत हे तुला ठाऊक आहे. 'द मार्शियन' मी वाचलेली नाही. दिवाळीत रात्री अंगणात बसून तू सांगितलीस तेवढीच मला माहीत. पण लेखकाच्या चुका तू नावानिशी दाखवल्यास ते मला फार आवडलं. मंगळावरची हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याच्या आसपास, तर तिथलं वादळ यान आडवं करण्याइतकं जोरकस कसं होईल? आणि तिथल्या मातीत पर्क्लोरेट हा विषारी क्षार सापडलाय, नासाच्या फिनिक्स यानानं २००८ सालीच दाखवलंय, मग ती माती धुवून-निवळून न घेता तिच्यात पिकवलेला बटाटा खायचा कसा? पर्क्लोरेट शब्दाशी मी जरा अडखळलो, तर राजू हसला. हसू दे. माझ्या पोरीला तो शब्द येतो.

आता बटाट्याचं. तिथं मात्र मला बोलायचा हक्क आहे. सणासाठी दिलेले कच्चे बटाटे त्या अंतराळवीरानं डोळे बघून कापले, इथवर ठीक. आपणही जूनमध्ये तेच करतो. एका फोडीला दोन डोळे तरी हवेत, आणि कापल्यावर फोडी सावलीत पसरून वरची कातडी धरू द्यायची, नाहीतर ओल्या मातीत गेल्या की कुजल्याच. सोनखत घातलं, तेही पटलं. आज्जा असता तर खूश झाला असता, त्याला युरियाचा राग होता. पण त्या माणसाजवळ पृथ्वीवरून प्रयोगासाठी आणलेली थोडी माती होती, ही गोष्ट तू एका ओळीत उरकलीस. अगं, सगळी करामत तिथंच आहे. मंगळावरची माती मेलेली. तिच्यात ही जिवंत माती विरजणासारखी लावली, म्हणून ती जागी झाली. नुसतं शास्त्र येऊन काय झालं असतं? आणि करप्याचं नाव कुठंच नाही! बरोबरच आहे म्हणा, तिथं करप्याची बुरशी कुठून येणार. आयर्लंडात १८४५ पासून याच करप्यानं बटाटा बसवला आणि दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं नि रोगानं गेली. इथं पाऊस उघडत नाही, मळ्याकडच्या तुकड्यात पानांवर काळे डाग दिसायला लागलेत, फवारलं तर तासाभरात धुवून जातंय. करपा नाही, डुक्कर नाही, यार्डात दलाल नाही. असलं रान मिळालं तर मीही काढीन पीक.

पण शेवटचा परिच्छेद मला पटला नाही. 'संकटात माणसाला त्याचं ज्ञानच तारतं, त्यानं कुणाची वाट बघू नये,' असं तू लिहिलंयस. ते सलाईन लावून लिहिलंस की आधी?

बघ, नाही म्हणून परत तिथंच आलो.

तुझ्याच गोष्टीवरून सांगतो. त्याचे बटाटे लागले होते. पाणी त्यानं इंधनापासून तयार केलं होतं. श्वासाला हवा होती. डोकं तर होतंच. मग तो गाडी घेऊन एवढ्या लांब त्या जुन्या पाथफाइंडरकडे कशाला गेला? ते यान खरोखरचं, १९९७ च्या ४ जुलैला उतरलेलं आणि त्याच सप्टेंबरात मुकं झालेलं. ते वाळूतून उकरून काढलं, घरी आणलं, चालू केलं, कॅमेऱ्यापुढं पाट्या लिहून धरल्या. कशासाठी? मी जिवंत आहे, माझं असं असं चाललंय, एवढं सांगण्यासाठी. तो जिवंत आहे हे खालच्यांना उपग्रहाच्या फोटोवरून आधीच कळलं होतं, पण त्याला काय हवं-नको ते त्याच्या तोंडून कळेपर्यंत ते तरी काय करणार? मंगळावरून निरोप यायला ग्रह जवळ असताना तीन मिनिटं लागतात, लांब असताना बावीस. धारवाड इथून दोन तासांची बस. तुझा निरोप यायला विनायकला कडोलीला यावं लागलं.

सुनीता विल्यम्सचं तूच लिहिलंयस. आठवडाभरासाठी म्हणून ५ जून २०२४ ला अंतराळ स्थानकाकडे गेली, यानात बिघाड झाला, खाली यायला १८ मार्च २०२५ उजाडला. त्या दिवसांत आई रोज पेपरात शोधायची, आज काय आलंय तिच्याबद्दल. तिथून घरी फोन लावता येतो, हे तूच आईला सांगितलं होतंस. चारशे किलोमीटर वरून लावता येतो.

तू अशीच आहेस, लहानपणापासून. दुसरीत की तिसरीत असशील, आम्ही पडवीत बियाणं कापत होतो आणि तू हट्टानं सुरी घेतलीस. आज्जीला फोडींवर लाल दिसलं. बघते तर तू डावा हात फ्रॉकच्या खिशात घालून उजव्या हातानं फोडी पाटीत टाकतेयस, चेहरा असा की जणू काही झालंच नाही. अंगठा निम्मा चिरलेला. आज्जीनं हळद दाबली तेव्हाही रडली नाहीस. मी तेव्हा चार लोकांत कौतुकानं सांगत सुटलो होतो, आमची मेघी वाघीण आहे म्हणून. २०१९ च्या पुरात मार्कंडेय नदी रानात शिरली, सगळा बटाटा मातीतच सडला, त्या रात्री माझ्याशेजारी बसून वहीत आकडे मांडत होतीस, बियाण्याचे किती, औषधाचे किती, सोसायटीचे किती. तेरा वर्षांची पोर. मला म्हणालीस, आप्पा, माझी शिकवणी बंद करू. केली नाही, ते बरं झालं.

रत्नाआत्यानंही कुणाला सांगितलं नव्हतं. त्यावर मी जास्त लिहिणार नाही.

आता तब्येतीचं लिहितोच, आई काय म्हणायची ती म्हणू दे. डेंगीत ताप उतरला म्हणजे सुटलो असं समजू नकोस, ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जपायचे असतात. पोटात दुखलं, उलट्या सुरू झाल्या, हिरड्यांतून रक्त दिसलं, तर रात्र असो की दिवस, सरळ दवाखाना गाठायचा. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून वाटेल ती गोळी आणायची नाही. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज, नारळपाणी पोटात जाऊ दे. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपतानाही मच्छरदाणी. खिडकीखालच्या त्या बादलीतलं पाणी ओतून टाक. अभ्यासाला पहाटे उठायचं सध्या बंद. आणि हॉस्टेलच्या जेवणावर... राहू दे. झाली माझी शाळा सुरू. आजारी माणसापुढं असं बडबडू नये, रागावू नकोस. तू शास्त्र शिकतेस, हे सगळं तुला माझ्याआधी माहीत असणार. पण मला माहीत आहे हेही तुला कळू दे.

दवाखान्याचे कागद सगळे कन्नडमध्ये असतील, म्हणून पाठवायचं टाळलंस का? मला सावकाश का होईना वाचता येतं. रिपोर्टात तर आकडेच बघायचे.

शुभांशू शुक्लांनी अंतराळ स्थानकात उगवलेली मेथी आणि मूग, तो भाग मी वाचनालयात मुद्दाम परत वाचला. तुझ्या शेजारच्याच कृषी विद्यापीठानं आणि आयआयटी धारवाडनं मिळून तो प्रयोग केला, जुलैत ते अंकुर परतही आले, हे इथं कुणाला माहीतच नव्हतं. सगळ्यांना वाटलं अमेरिकेचंच काहीतरी. पुढच्या पिढ्या जमिनीत लावून बघणार आहेत ना? बरी झालीस की एकदा तिथं जाऊन चौकशी कर, बाहेरच्यांना बघू देतात का. मी येईन. बटाट्याच्या रानातून सुटका झाली की येईन, तशीही मेथी माझ्या ओळखीची आहे.

येत्या बुधवारी गणपती. डॉक्टर हो म्हणाले तरच ये, आणि बसनं नको, राजू गाडी घेऊन येईल. नाही जमलं तर आई आणि मी पंचमीला तिकडं येतो. तुझ्या खोलीत किती माणसं मावतात ते मैत्रिणीला विचारून ठेव. डब्यात पेजेचे तांदूळ आहेत, घरचे. पैसे विनायककडे दिलेत, मोजून घे.

काल परत रक्त तपासलं असशील. आकडा कितीही असो, आज रात्री मला पाठव. आईला नको, मला.

तुझा,
आप्पा

ता.क. आई विचारतेय, अंतराळात उगवलेली मेथी कडूच लागते का. तिला खरंच हवंय हे उत्तर.