‘मिसिंग’ दाखल झाल्यानंतरचा शोध कोणी घ्यायचा?

महोदय,

पोलिसांच्या ‘ऑपरेशन मुस्कान’ मोहिमेत हरवलेली मुले पालकांच्या ताब्यात दिल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात वेळोवेळी येतात आणि त्या वाचून समाधान वाटते. मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी असे गृहीत धरूनच तपास सुरू केला पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ या बालहक्क संस्थेच्या याचिकेवर मे २०१३ मध्ये दिला, त्यामुळे या कामाला बळ मिळाले. हरवलेली व्यक्ती अठरा वर्षांपुढची असेल, तर मात्र चित्र पालटते. पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ म्हणजे बेपत्ता झाल्याची नोंद दाखल होते, तिचा क्रमांक हाती पडतो, आजूबाजूच्या ठाण्यांना संदेश जातो आणि घातपाताचा संशय घेण्याजोगे काही नसेल, तर तपास बहुधा तिथेच थबकतो. पुढचा शोध घरच्यांनी घ्यायचा, असे जणू ठरूनच गेले आहे.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत एकट्या महाराष्ट्रातून १ लाख ७८ हजारांहून अधिक सज्ञान स्त्रिया बेपत्ता झाल्याची नोंद आहे. त्यांतील पुष्कळ जणी परतल्या असतील, काही स्वतःच्या मर्जीने गेल्या असतील, हे मान्य. पण मर्जीने गेली की नेली गेली, हे चौकशीअंती ठरायचे असते, तक्रार घेण्यापूर्वी ठाणे अंमलदाराने नव्हे. ‘चोवीस तास वाट पाहा, मग या’ असे आजही अनेकांना ऐकवले जाते. असा कोणताही नियम नाही. उलट पहिला दिवसच महत्त्वाचा असतो, कारण दुकानांच्या सीसीटीव्हीतले चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते.

माझ्या आत्याचे यजमान स्मृतिभ्रंशाचे रुग्ण. वारीत दिंडीपासून चुकले ते आजतागायत सापडलेले नाहीत. आतेभावाने पंढरपूरपासून मिरजेपर्यंत एसटी स्थानके, फलाट आणि सरकारी रुग्णालये पालथी घातली. कुठे अनोळखी प्रेत आल्याचे कळले, की शवागाराच्या दाराशी उभे राहून ‘आपले नसू दे’ म्हणायचे, आणि नसले की पुन्हा शोधाला लागायचे. भिंतीवर लावलेल्या पत्रकावरचा भ्रमणध्वनी क्रमांक पाहून रात्री-अपरात्री फोन येतात: ‘बाबा आमच्याकडे आहेत, गाडीभाड्यापुरते पैसे पाठवा.’ पैसे पाठवले की तो क्रमांक बंद. फसवणूक आहे हे दुसऱ्या वेळी कळत असूनही पैसे पाठवले जातात, कारण न पाठवण्याचे धाडस होत नाही. इकडे आत्याला प्रत्येक सणासमारंभाला कुंकवावरून कुजबुज ऐकावी लागते. ती मुकाट्याने हळदीकुंकवाला जायचे टाळू लागली आहे.

व्यवहाराची कोंडी निराळीच. सात वर्षे ठावठिकाणा लागला नाही तर व्यक्ती हयात नसल्याचे गृहीत धरता येते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १११ मध्ये ही तरतूद आहे, पूर्वी ती जुन्या कायद्याच्या कलम १०८ मध्ये होती. तोपर्यंत मृत्यूचा दाखला नाही, म्हणून सातबाऱ्यावर वारसनोंद नाही, बँकेतील खाते मोकळे होत नाही, आणि विमा चालू ठेवायचा तर हप्ते भरत राहावे लागतात. केंद्र सरकारी कर्मचारी बेपत्ता झाल्यास पोलिसांत नोंद झाल्यापासून सहा महिन्यांनी कुटुंबाला निवृत्तिवेतन सुरू करण्याची सोय आहे. जी सवलत सरकार स्वतःच्या नोकरांना देते, तिच्यासारखी एखादी तात्पुरती व्यवस्था शेतकऱ्याच्या किंवा रिक्षाचालकाच्या पत्नीसाठी का असू नये? अनोळखी मृतदेहांची डीएनएवरून ओळख पटावी, यासाठी बेपत्ता व्यक्तींची स्वतंत्र सूची ठेवण्याची तरतूद असलेले विधेयक लोकसभेत आले होते. त्यातील खासगीपणाविषयीचे आक्षेप गैरलागू नव्हते. पण २०२३ मध्ये ते मागे घेतले गेले आणि सूचीचा विषयही त्याबरोबरच बारगळला.

जनजागृतीच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर जे फिरते, त्याबद्दलही लिहिणे भाग आहे. तारीख नाही, ठाण्याचे नाव नाही, असे छायाचित्र माणूस घरी परतल्यानंतरही वर्षानुवर्षे फिरत राहते. याच मार्गाने पसरलेल्या मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी समाजातील पाच निरपराधांचा जमावाने जीव घेतला. त्यामुळे हरवल्याचे पत्रक काढणाऱ्याने दिनांक, पोलीस ठाणे व मिसिंग क्रमांक त्यावर छापावा, खासगी क्रमांकाऐवजी ठाण्याचा दूरध्वनी द्यावा आणि माणूस सापडल्यावर तेही तितक्याच तत्परतेने कळवावे. आपल्या वृत्तपत्राने आठवड्यातून एकदा, जिल्हा पोलिसांकडून खातरजमा करून, अशी माहिती विनामूल्य छापावी, अशी माझी विनंती आहे. ‘सापडले’ हा रकाना त्यात अवश्य असावा.

वाचकांकडूनही एक अपेक्षा आहे. रस्त्यावर भरकटलेली, मळक्या कपड्यांतली, स्वतःशीच पुटपुटणारी व्यक्ती दिसली की आपण ‘वेडा आहे’ म्हणून बाजूने निघून जातो. अशाच माणसांवर उपचार करून त्यांना त्यांच्या गावी पोहोचवण्याचे काम कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात डॉ. भरत वाटवानी यांनी उभे केले. २०१८ च्या मॅगसेसे पुरस्काराने त्याची दखलही घेतली गेली. परंतु हे काम एका संस्थेचे नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार मानसिक आजार असलेली भटकणारी व्यक्ती आढळल्यास तिची नोंद घेणे व तिच्या कुटुंबाचा शोध घेणे, हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. तेव्हा अशी व्यक्ती दिसल्यास जवळच्या ठाण्यात कळवावे, आणि ‘हे आमचे काम नाही’ असे उत्तर मिळाल्यास या कलमाचा हवाला देऊन लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली