शेजारच्या फौजी आजोबांची रायफल

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

शेजारच्या आजोबांच्या रायफलीचं पुढे काय झालं, असं तुम्ही परवा विचारलंत. फोनवर आई मध्येच बोलायला लागली, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. घरात याची गोडी तुमच्याइतकी कुणाला नाही.

आजोबा अमेरिकन मरीन फौजेतले. 1967 साली व्हिएतनाममध्ये होते. आता पेन्शन बेताची, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. इच्छा एकच, क्लबच्या चांदमारीत फौजी रायफल घेऊन उतरायचं. हाताशी हजार डॉलर, त्यातच गोळ्याही बसवायच्या.

मन होतं एम-14 या जुन्या अमेरिकन फौजी रायफलीवर. ट्रेनिंग तिच्यावरच झालेलं. लाकडी दस्ता, 7.62 मिलिमीटरची गोळी, तुमच्या फौजी एसएलआर रायफलीच्या तोडीची. पण तिचा नागरी अवतार, एम1ए, नवी घ्यायची तर दीड हजाराच्या वर जाते. ते दार तिथेच बंद झालं.

मग आली एम1 गॅरंड, दुसऱ्या महायुद्धातली. आठ गोळ्यांची पत्र्याची क्लिप वरून दाबून भरायची, शेवटची गोळी सुटली की रिकामी क्लिप ‘टिंग’ करून बाहेर उडते. लष्करी साठ्यातल्या या रायफली नागरिकांना विकणारी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम नावाची संस्था आहे. तिचं एक दुकान आमच्या ओहायोतच, ईरी सरोवराकाठी कॅम्प पेरीला आहे. 1907 पासून तिथे राष्ट्रीय नेमबाजीचे सामने भरतात. फौजेतून सुटल्याचा दाखला दाखवला की नेमबाजीचा वेगळा पुरावा मागत नाहीत. मीच त्यांना गाडीतून घेऊन गेलो. अण्णा, तिथे तुम्ही हवे होतात. नळी किती झिजली आहे याचे दोन आकडे बघून रायफल निवडायची, एक चेंबरकडच्या (म्हणजे गोळी बसते त्या खोबणीकडच्या) घशाचा, एक तोंडाकडचा. आकडा लहान, तितकी नळी चांगली. आजोबा एकेक रायफल उचलून दस्त्यावरून हात फिरवत होते. एवढी माया मी तुमच्याच हातात पाहिलीय, दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी.

पण हिशोब जुळेना. गॅरंडच हजाराच्या आसपास, म्हणजे गोळ्यांना पैसा उरत नाही. तिला लागणारी .30-06 ची एक गोळी डॉलरच्या वर, आणि एका सामन्याला नेम जुळवायच्या धरून पस्तीसेक लागतात. शिवाय शिकारीच्या जोरदार गोळ्या तिला चालत नाहीत, बोल्ट मागे ढकलणारा दांडा, ऑपरेटिंग रॉड, वाकतो. त्यातून खांद्याला बसणारा धक्का. रायफल विकत घ्यायची आणि गोळीच्या धास्तीने पेटीत ठेवायची, याला काय अर्थ? मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आजोबा, किंमत रायफलीची बघू नका, वर्षभराच्या गोळ्यांची बघा.

म्हणजे राहिली एआर-15, फौजेतल्या एम-16 चा नागरी अवतार. तिची .223 ची गोळी अर्ध्या डॉलरच्या आसपास पडते, धक्का नावाला, वजन साडेतीन किलोच्या आत-बाहेर. पण तिचं नाव काढलं की आजोबांचा चेहरा कठोर व्हायचा. 1967 मध्ये त्यांच्या तुकडीकडून एम-14 काढून घेतल्या आणि एम-16 हातात दिल्या. त्या ऐन लढाईत अडकायच्या. गोळीतली दारू बदललेली, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, आणि सफाईचं सामानही पुरेसं दिलेलं नाही. झाडलेलं काडतूस आत चिकटून बसलं की नळीच्या तोंडातून गज घालून ठोकून काढावं लागे. समोरून गोळ्या येत असताना! त्यात त्यांचे मित्र गेले. अमेरिकन काँग्रेसने त्याच वर्षी चौकशी केली आणि पुढे चेंबरला क्रोम आलं. इतक्या वर्षांनी हे सांगताना त्यांचा आवाज बसतो. मला त्यावर बोलायला शब्द सुचले नाहीत.

म्हणून एआर-15 घ्यायला बंदुकांच्या दुकानात गेलो तेव्हा त्यांनी आधी विचारलं ते क्रोमचं. मग बोल्ट कॅरियर, म्हणजे बोल्ट धरून मागेपुढे सरकणारा आतला भाग, बाहेर काढायला लावून चष्मा वर करून पाहिलं. वरच्या गॅस कीचे, म्हणजे गॅस आत घेणाऱ्या छोट्या नळीचे, दोन स्क्रू कडेने ठोकून पक्के केलेत की नाही? नसले तर ते सैल होतात, गॅस गळतो आणि रायफल अडकायला लागते. पहिल्या रायफलीत ठोकलेले नव्हते, ती त्यांनी परत ठेवली. दुसरी घेतली, वीस इंची नळीची, फौजेतल्या जुन्या ए2 नमुन्याच्या घाटाची, वर उचलायचा पक्का दांडा आणि लोखंडी साइट. सोळा इंची स्वस्त होती, पण नळी लांब असली की दोन साइटमधलं अंतर वाढतं, नेम धरायला सोपं जातं. रायफल आठशेच्या आत आली, उरलेल्या पैशांच्या गोळ्या.

कागदपत्रं त्यांनीच केली. फॉर्मवर विचारतात की खरा खरेदीदार तुम्हीच ना. दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेणं हा गुन्हा आहे. आईला सांगा, मी हातसुद्धा लावला नाही, माझ्या व्हिसावर ते चालत नाही. आपल्याकडे तर जुनी .303 रायफलसुद्धा प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेली, त्यामुळे तिला हे सगळं भयंकर वाटणार हे मला कळतं. नातवंडं येतात म्हणून आजोबांनी लोखंडी कपाट आधीच बसवलंय. वर माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणारं तारेचं कुलूपही आणलंय.

आजोबांना तुमच्या एसएलआरच्या गॅस रेग्युलेटरबद्दल, म्हणजे गॅसचा जोर कमी-जास्त करायच्या कडीबद्दल, विचारायचंय, किती खाच फिरवायचात, थंडीत बदलायचात का. रविवारी आपल्या संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल लावतो. तेव्हा देवळात जाऊ नका.

आईला नमस्कार, पोरांना गोड पापा.

आपला,
बाळू