बंदीनंतर होडीतल्या मासळी साठवायच्या खणात उतरण्याआधी वाचा

सर्व नौकामालक, तांडेल आणि खलाशी बांधवांनो,

३१ जुलैला मासेमारी बंदी संपतेय, होड्यांची साफसफाई सुरू झालीय. बंद राहिलेल्या खणात थेट उतरू नका. कुजलेली मासळी आणि साचलेल्या पाण्यातून विषारी वायू तयार होतो. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, वायू वाढला की नाकाला तोही कळत नाही. झाकणं उघडून पंख्याने भरपूर हवा खेळवा, वर एक माणूस उभा ठेवा. आत कुणी कोसळलाच तर त्याच्यामागे उतरू नका. सख्खा भाऊ असला तरी नाही. एकाला काढायला दुसरा, मग तिसरा, असेच जीव जातात. ११२ ला फोन करा.

समुद्रात लाइफ जॅकेट केबिनमध्ये नको, अंगावर हवं. तटरक्षक दल: १५५४.