छत्र्यांची बादली सोपवणाऱ्या मावशींना

मावशी,
सप्रेम नमस्कार.

पत्र बघून हसाल. रोज गेटवर भेटतो, बोलायचं ते तिथेच बोलावं की! पण गेटवर माझं अर्धं लक्ष स्टेशनच्या रिक्षाकडे, आणि तुम्ही कुणाच्या तरी रेनकोटची अडकलेली चेन सोडवत असता. आज शाळा दिवाळीनंतर पुन्हा भरली, तेव्हा म्हटलं, लिहूनच टाकू.

यंदा मे महिनाभर लेक कुडाळला आजीकडे होता. नऊला उठायचं, फणसाचे गरे खायचे, दुपारभर अंगणात हुंदडायचं. कोकणची तिकिटं साठ दिवस आधी काढायची, तेव्हा परतीचं मिळालं यातच मी खूश. शाळा कधी उघडणार, हे डोक्यातही नव्हतं. १४ जूनला पहाटे ठाण्याला उतरलो आणि १६ला, सोमवारी शाळा. सुटकेसमधले ओले कपडेसुद्धा वाळले नव्हते.

सोमवारी त्याचं पोट दुखलं. मंगळवारीही दुखलं. बुधवारी गेटवर त्याने माझी ओढणी मुठीत धरली ती सोडेचना. "मी इथेच उभी आहे हं," असं म्हणून मी तुमच्या आडून सटकले. लोकल गाठायची होती.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला बाजूला घेतलंत. "ताई, खोटं सांगून जाऊ नका, उद्या तो अजून घट्ट धरेल. कधी येणार ते सांगा, पण घड्याळातलं नको. डबा खाल्लास, मग गणिताचा तास झाला, मग घंटा झाली की मी आलेच, असं सांगा. आणि सांगितलंत की निघा. मागे वळून बघत राहू नका." खरं सांगते, मला राग आला होता. आमच्या मुलाचं आम्हाला कळत नाही का, असं वाटलं.

कळत नव्हतंच. माझ्या मते सगळा दोष झोपेचा. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा सरकारी निर्णय २०२४ मध्ये आला तेव्हा वाटलं होतं, सुटलो! पण मूल अकराला झोपणार असेल तर नऊची शाळाही पहाटेचीच. या वयात नऊ ते बारा तास झोप लागते, म्हणून रोज पंधरा-पंधरा मिनिटं आधी दिवे बंद करायला लागले. चिडचिड कमी झाली. पोट मात्र दुखतच राहिलं.

डबा खायच्या सुट्टीत तो 'ब' तुकडीच्या दारात जाऊन उभा राहतो, हे तुम्ही पाहिलंत. दुसरीत तुकड्या नव्याने पाडल्या आणि त्याचा जिवलग तिकडे गेला. घरात आम्ही तीन मोठी माणसं, एकालाही पत्ता नाही.

तुम्ही त्याची समजूत घालत बसला नाहीत. पाऊस यंदा २६ मेलाच मुंबईत आलेला, शाळेचा व्हरांडा नुसता चिकचिक. जिन्याखालची मोठी निळी बादली तुम्ही पुढे ओढलीत आणि दोघांना कामाला लावलंत. 'अ'च्या छत्र्या याने घ्यायच्या, 'ब'च्या मित्राने; मुठी वर, टोकं खाली, शाळा सुटताना एकही छत्री बदलता कामा नये. बाईंच्या कानावर घालून दोघांना डबाही एकत्र खायला बसवलंत. पुढच्या गुरुवारी तो रिक्षातून माझ्या आधी उतरला. "आई, चल ना, घंटेआधी बादली लावायचीय!" ओढणी सुटली, आणि मीच वेड्यासारखी गेटवर उभी. मागे वळू नका म्हणाला होतात, पण त्या दिवशी वळले.

दिवाळीला आम्ही शहाणे झालो, शाळा उघडायच्या पाच दिवस आधीच परतलो. काल दप्तर त्यानेच भरलं. आज सकाळी मात्र जिन्यात थबकला. "आई, आता पाऊस नाही. छत्र्या नाहीत. मग मी काय करू?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हटलं, मावशींना विचार. दुपारी आला तो हातापायाला माती लागलेली, गणवेशाची एक बाही ओली. कुंड्यांना पाणी घालायचं काम मिळालंय म्हणे, तुळशीला कमी आणि जास्वंदीला जास्त.

आजीने तुमच्यासाठी कोकमाचं आगळ दिलंय. दप्तरातून पाठवलं तर वह्यांचं काय होईल ते तुम्ही जाणताच, तेव्हा शनिवारी मीच घेऊन येते.

तुमची,
'अ' तुकडीतल्या छत्रीवाल्याची आई
भांडुप, २०२५